काळजीपोटी

रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. वयानं मोठे असलेलेही ताईच म्हणत, आणि साहेब लोक 'ताईंना विचारा' म्हणून विषय मिटवत. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती इथं लागली तेव्हा एखाद-दोन वर्षं काढू, मग बघू, असा तिचा बेत होता. मग लग्न झालं, लेक झाली, लेक कॉलेजात जाऊन बाहेरही पडायला आली, आणि ताई अजून खिडकीजवळच्या त्याच ओट्यापाशी उभी होती.

काम शेड जुळवण्याचं. गिऱ्हाईक काहीतरी तुकडा आणून द्यायचं. पडद्याचं कापड, जुन्या दाराचा टवका. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर रुमालात गुंडाळून फुटक्या बशीचा काठ आणला होता. आणि म्हणायचं, भिंतीला हाच रंग हवा. मग ताई पांढऱ्यात थेंबाथेंबानं रंग सोडायची, पत्र्याच्या पट्टीवर ओढायची, सुकू द्यायची आणि उजेडाच्या पेटीत दोन्ही शेजारी ठेवून बघायची. पेटीत तीन तऱ्हेचे दिवे होते. तिन्ही दिव्यांखाली जुळला तर रंग जुळला, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. ताईचा हात करड्या रंगात चालायचा. करड्यात निळा किती लपलाय आणि हिरवा किती, हे तिला नुसतं बघून कळायचं.

शेजारच्या ओट्यावर पिवळ्या. हे नाव त्याला नोकरीच्या पहिल्याच वर्षी पडलं, कारण पिवळ्या शेडमध्ये त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि त्याच्या नखांच्या कडाही कायम पिवळ्या असत. पुढं ते इतकं चिकटलं की कुणी त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली तर तोच मागं वळून बघायचा, कुणाला बोलावतायत म्हणून. तो आणि ताई एकाच महिन्यात लागलेले. ताईच्या लेकीला सायकल शिकवली ती पिवळ्यानं. त्याच्या बायकोला दुसऱ्या बाळंतपणात त्रास झाला तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली ती ताई. ती त्याच्या बायकोला वहिनी म्हणायची आणि वहिनी तिला नणंदेचा मान द्यायची. म्हणजे मान कमी आणि तक्रारी जास्त.

एक दिवस ब्रश धुताना पिवळ्या नळाखालून हात न काढता म्हणाला, "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरलाय. डॉक्टर म्हणतात, साधं ऑपरेशन आहे, पण जरा पिकू द्या." ताईनं विचारलं, दिसतं का नीट. तो म्हणाला, बाकी सगळं दिसतं, पण फिक्या पिवळ्यांत गल्लत होते. मलई आणि लोणी सारखंच वाटायला लागलंय.

"कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला. "पिवळ्याला पिवळं दिसत नाही म्हटल्यावर लोक हसून मरतील."

ताईही हसली होती. त्या दिवसापासून त्याच्या फिक्या पट्ट्या ती जाता जाता बघून द्यायची. पट्टी हातात घ्यायची, खिडकीकडे धरायची, मान हलवायची किंवा बोटानं 'अजून एक थेंब' अशी खूण करायची. बघणाऱ्याला वाटायचं, दोघं नेहमीसारखे गप्पा मारतायत. ऑपरेशन झालं की हेही संपणार होतं. यात कुणी कुणावर उपकार करतंय असं दोघांच्याही मनात नव्हतं.

मग कंपनी विकली गेली.

ही बातमी त्यांना कुणी सांगितली नाही. एका सकाळी फाटकावरची पाटी उतरवलेली दिसली, आणि दुसरी पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली होती, कागदात गुंडाळून. दुपारी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. एका नव्या माणसानं भाषण केलं, की आपण आता एका मोठ्या कुटुंबाचा भाग झालो आहोत आणि कुणीही काळजी करण्याचं कारण नाही. तोवर खरोखर कुणी काळजी करत नव्हतं. त्या वाक्यानंतर सगळे करायला लागले.

नव्या मालकांची दुसऱ्या शहरात आधीच एक प्रयोगशाळा होती. दोन कशाला ठेवतील, असा पहिला प्रश्न कुणीतरी जेवताना काढला. मग एका मोठ्या खोक्यातून मशीन आलं. ते तुकड्यावर टेकवलं की रंगाचे आकडे दाखवायचं आणि कुठला रंग किती टाकायचा तेही सांगायचं. पहिल्या आठवड्यात त्याचं उत्तर बरंचसं चुकायचं, आणि ताईच्या विभागातले सहाही जण त्याच्यावर पोट धरून हसले. पुढं ते कमी चुकायला लागलं आणि हसणंही कमी झालं. मग एक सूचना लागली, की विभागाची नवी रचना होणार आहे, प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणं होईल. जागा किती राहणार, ठरवणार कोण, ठरवणार कशावरून, यातलं एक अक्षरही सूचनेत नव्हतं.

भीती अशी एकदम येत नाही. आधी सगळे लवकर यायला लागले. मग कुणी घरी जायला उठेना. साहेबांच्या खोलीतला दिवा चालू असेपर्यंत जो तो आपल्या ओट्यावर काहीतरी ढवळत बसायचा. पूर्वी कुणाची शेड अडली की तिघं जण त्याच्या खांद्यावरून डोकावून सल्ले द्यायचे. आता अडलेला माणूस पट्टी उलटी ठेवायचा. जेवणाच्या टेबलावर मुलांच्या परीक्षा आणि गुडघेदुखी एवढेच विषय उरले. एक जण फोन घेऊन बाहेर गेला की उरलेले पाच जण त्याला दुसरीकडे नोकरी लागली की काय, या विचारानं गप्प बसायचे. आणि मनातून प्रत्येकाला वाटायचं की लागू दे, तेवढीच एक जागा सुटेल. असं वाटलं म्हणून प्रत्येकाला स्वतःची थोडी शरमही वाटायची. निदान ताईला तरी वाटायची.

तिला या भीतीची जुनी ओळख होती. तिचे वडील छापखान्यात जुळारी होते. अक्षरांचे खिळे जुळवून ओळी बांधायचे. छापखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा मालकानं त्यांना प्रेमानं घरी पाठवलं. त्यानंतर कितीतरी दिवस वडील सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी खुर्ची टाकून बसत. कुणी विचारलं तर 'आज जरा उशिरा जायचंय' म्हणत. शाळेतून येताना लांबून ती खुर्ची दिसली की ताई मैत्रिणींना दुसऱ्या गल्लीनं घेऊन जायची. आपल्या बापाची लाज वाटली, याची लाज तिला मोठेपणी वाटली. पण खुर्ची काही डोक्यातून गेली नाही.

घरी नवरा भाषांतराची कामं करायचा. काम आलं की डोंगर, नाही आलं की ठणठणाट. तो स्वभावानं निवांत. म्हणायचा, "इतक्या वर्षांच्या माणसाला कोण काढतंय? मशीनला काय कळतं?" मशीनला काय काय कळायला लागलंय हे ताई त्याला सांगू शकली नाही. त्याऐवजी ती भाजी खारट झाल्यावरून त्याच्याशी भांडली, आणि भाजी तिनंच केली होती.

तिची पाळी पिवळ्याच्या आदल्या दिवशी होती.

नवे साहेब वयानं तिच्यापेक्षा बरेच लहान, बोलायला मऊ. त्यांनी उठून खुर्ची पुढं केली, पाणी विचारलं. कामाबद्दल चार प्रश्न विचारले आणि ती बोलत असताना मान डोलावत राहिले. ताईला त्या मान डोलावण्यातून काहीच कळेना. मग त्यांनी पुढ्यातला कागद उलटा ठेवला आणि सहज म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथं सगळ्यात जुन्या. विभागाबद्दल मला माहीत असायला हवं असं काही?"

यावर 'नाही' म्हणता आलं असतं. नंतर वर्षानुवर्षं तिनं तो क्षण मनात उलटून पालटून बघितला. साहेबांनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. आवाज चढवला नव्हता. त्यांनी फक्त विचारलं होतं आणि गप्प बसले होते. त्या गप्प बसण्यात ताईला वाटलं, आपली परीक्षा इथंच आहे. आपण कामाच्या आहोत हे दाखवायची हीच एक संधी आहे. आणि तिच्या तोंडून आलं, "तसं काही नाही. फक्त आमच्या एका सहकाऱ्याची मला जरा काळजी वाटते."

साहेबांनी मान वर केली. ताईनं पिवळ्याचं नाव घेतलं. त्याचं खरं नाव. इतक्या वर्षांत तिनं ते कधी उच्चारलं नसेल. मोतीबिंदूचं सांगितलं. फिके रंग दिसत नाहीत हे सांगितलं. "मी बघून देते, त्यामुळं चुका बाहेर जात नाहीत," असंही सांगितलं. म्हणजे त्याचं उणं आणि स्वतःचं अधिक, दोन्ही एका वाक्यात बसवलं. शेवटी म्हणाली, "ऑपरेशन होईपर्यंत त्याला सांभाळून घ्यायला हवं, म्हणून काळजीपोटी सांगितलं."

"बरं झालं सांगितलंत," साहेब म्हणाले.

खोलीबाहेर आल्यावर तिनं स्वतःला समजावलं, आपण त्याच्या भल्याचंच बोललो. सांभाळून घ्या, असंच तर म्हणालो. ओट्याशी पिवळ्या पट्टी घेऊन उभा होता. त्यानं भुवया उडवून 'कसं झालं' असं विचारलं. ती म्हणाली, "ठीक." मग त्यानं नेहमीसारखी फिकी पट्टी पुढं केली. ताईनं ती खिडकीकडे धरली. रंग बरोबर होता की नव्हता, तिला काही दिसलंच नाही. तिनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तो मुलाखतीहून परत आला तो सरळ हात धुवायला गेला आणि बराच वेळ धूत राहिला. काय विचारलं, असं बाकीच्यांनी विचारलं तर म्हणाला, नेहमीचंच. ताईनं विचारलं नाही. त्या दिवशी त्यानं तिच्याकडे पट्टी आणली नाही. त्यानंतर कधीच आणली नाही.

निकाल लागला तेव्हा सहांपैकी तिघं राहिले. ताई राहिली. विभागातली सगळ्यात धाकटी मुलगी राहिली, कारण मशीन तिला छान हाताळता यायचं. आणखी एक जण राहिला. पिवळ्या गेला. साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, की तुमच्या दृष्टीचा प्रश्न लक्षात घेता ही जबाबदारी तुमच्यावर टाकणं योग्य होणार नाही. हे त्यानं ओट्यावरचं सामान आवरताना सगळ्यांदेखत, जसंच्या तसं, साहेबांच्याच मऊ आवाजात म्हणून दाखवलं. नकला तो चांगल्या करायचा. दोघं-तिघं हसलेही.

ताईला हसता येईना आणि रडायचा हक्क नव्हता. ती त्याच्या बाटल्या खोक्यात भरायला पुढं झाली. तो म्हणाला, "राहू दे ताई. मी भरतो."

घरी नवऱ्यानं आनंदानं सगळ्यांना बाहेर जेवायला नेलं. लेक म्हणाली, "मला माहीतच होतं. आईसारखं काम कुणाला येतं?" आणि मग विचारलं, "काकांचं काय झालं?" काका म्हणजे पिवळ्या. ताईनं सांगितलं, त्याच्या डोळ्यांचा त्रास निघाला. 'निघाला' हे क्रियापद तिनं आधीच शोधून ठेवलं होतं. कुणी काढलं, हे त्यात सांगावं लागत नाही. मग ती लेकीच्या ताटात वाढत राहिली.

काही आठवड्यांनी पिवळ्या आणि वहिनी तिच्या घरी आले. आधी फोन करून आले, हेच नवं होतं. वहिनीनं कौतुकानं ताईचा हात हातात घेतला. म्हणाली, यांच्यासाठी कुठंतरी शब्द टाका तुमच्या ओळखीनं, तुमचं ऐकतील. ऑपरेशनची तारीखही ठरली म्हणाली. पिवळ्या तिच्या नवऱ्याशी क्रिकेटवर बोलत होता. मध्येच त्यानं दोन-तीनदा ताईकडे बघितलं, काही विचारायचं असल्यासारखं, किंवा काही ऐकायचं असल्यासारखं. ताई चहा करायला आत गेली आणि दूध उतू जाईपर्यंत तिथंच उभी राहिली. नवरा आत येऊन म्हणाला, लक्ष कुठंय. गॅस पुसायचं निमित्त मिळालं म्हणून तिला बरं वाटलं.

तिनं शब्द टाकला. तीन ठिकाणी टाकला. पण या धंद्यात प्रयोगशाळा मोजक्या आणि माणसं एकमेकांना ओळखणारी. तिन्हीकडून तेच आलं, माणूस उत्तम, पण डोळे गेलेत म्हणे ना? ऑपरेशन होऊन त्याला लख्ख दिसायला लागलं होतं, तरी ते 'म्हणे' त्याच्या आधी सगळीकडे पोचलेलं असायचं. आपणच सोडलेलं वाक्य आता आपल्यालाच परत ऐकवलं जातंय, आणि आपण त्यावर 'नाही हो, आता बरे आहेत' म्हणतोय, याची ताईला इतकी शरम वाटली की चौथीकडे तिनं फोनच केला नाही.

कामावर तिचं चांगलं चाललं होतं, असं लोक म्हणत. पगार होता, खुर्ची मोठी मिळाली होती. पण शेड आता मशीन काढायचं आणि तिनं फक्त 'ठीक' म्हणायचं. ती कुणाशी बोलेनाशी झाली. आपलं एखादं दुखणं, एखादी अडचण चुकूनही ओठांवर येऊ नये, म्हणून ती जपायची. गुडघा दुखला तर जिना चढताना चेहरा हसरा ठेवायची. आपण जे केलं ते कुणीही करू शकतं, हे आता तिला पुरतं ठाऊक होतं.

वर्ष उलटायच्या आत नव्या साहेबांचीच जागा गेली. त्यांच्या वरचे कुणी बदलले, आणि नव्या वरच्यांना हे नको झाले. जायच्या दिवशी ते ताईच्या ओट्याशी आले आणि खिडकीच्या कठड्याला टेकून उभे राहिले. नोकरी गेलेला माणूस मोकळा बोलतो, तसे बोलले. घरी अजून सांगितलं नाही म्हणाले. मग म्हणाले, "मॅडम, एक सांगू? ती नावं मुलाखतींच्या आधीच वरून आली होती. ज्यांचे पगार जास्त, त्यांतले तीन. तुम्ही एकट्या सुटलात, कारण मशीनला शिकवायला कुणीतरी जुनं हवं होतं. मुलाखती नुसत्या रीत म्हणून."

ताईनं विचारलं, "मग डोळ्यांचं?"

"काढायला काहीतरी कारण लागतं. बाकीच्या दोघांना द्यायला आमच्याकडे कारण नव्हतं, म्हणून त्यांना नुसतंच 'रचना' म्हणालो. यांच्या बाबतीत तुम्ही दिलं होतंत."

पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. म्हणजे तो जाणारच होता. आपल्यामुळं गेला नाही. पण हे हायसं वाटणं तिला फार वेळ धरून ठेवता आलं नाही. बाकीचे दोघं नुसते गेले होते, आणि दोघांनाही दुसरीकडे काम लागलं होतं. पिवळ्या तेवढा डोळे गेलेला माणूस म्हणून गेला होता. साहेब निरोप घेऊन निघाले तेव्हा आपण त्यांना काय म्हणालो, हे तिला नंतर आठवेना.

त्या रविवारी ती पिवळ्याला भेटायला गेली. तो आता बाजारातल्या एका रंगाच्या दुकानात काउंटरवर होता. तिथंही तसलंच मशीन होतं, लहान आकाराचं. गिऱ्हाईक कार्डावरच्या शेडवर बोट ठेवायचं, पिवळ्या आकडा दाबायचा, डबा गदगदा हलायचा. ती येताना दिसली तेव्हा तो एका बाईला समजावत होता, की मुलांच्या खोलीला हा रंग भडक होईल, यात जरा पांढरा वाढवू. बाई गेल्यावर त्यानं ताईला दुकानाच्या मागं नेलं. तिथं रिकाम्या डब्यांच्या थप्प्या होत्या. दोघं दोन पालथ्या डब्यांवर बसले.

ताईनं ठरवून आणलेलं सगळं विसरून सरळ सांगितलं. "तुझ्या डोळ्याचं साहेबांना मी सांगितलं. माझ्या मुलाखतीत. त्यांनी विचारलंही नव्हतं तुझ्याबद्दल."

पिवळ्या म्हणाला, "माहीत आहे."

तिनं वर बघितलं.

"त्यांनी मला विचारलं ना, तुमचा डावा डोळा कसा आहे. डावा. घरच्यांशिवाय ते एकट्या तुला माहीत होतं." त्यानं नखानं डब्यावरचा रंग खरवडला. "तुझ्या घरी आलो होतो ना आम्ही. तेव्हा वाटलं होतं, बोलशील. तू चहा करत बसलीस."

ताईची मान वर होईना. ती म्हणाली, "मी घाबरले होते."

"सगळेच घाबरलो होतो." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला झेपेना. "मी काही फार थोर आहे असं समजू नकोस. तुझ्याबद्दल मलाही एक माहीत होतं. शाळेच्या ऑर्डरचा तो करडा, हिरवट गेला होता तो. आपण दोघांनी ती चूक गोदामावर ढकलली होती. खुर्चीत बसल्यावर ते माझ्याही जिभेवर आलं होतं. मला विचारलं असतं, तुमचं काय म्हणणं आहे बाकीच्यांबद्दल, तर मी काय बोललो असतो देव जाणे. मला विचारलंच नाही. माझ्या डोळ्याचा विषय निघाल्यावर ते फक्त डोळ्यावरच बोलले."

"पण तू बोलला नाहीस."

"नाही बोललो. तेवढंच आहे माझ्यापाशी, ते मला राहू दे."

समोर कुणीतरी गिऱ्हाईक आलं होतं, दुकानाचा मालक हाक मारत होता. पिवळ्या उठला. जाता जाता थांबून म्हणाला, "एक करशील? थोडे दिवस घरी येऊ नकोस आमच्या. हिला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ती तुला बघून खूश होईल, बस बस करेल, खायला करेल. ते मला समोर बसून बघवणार नाही."

"थोडे दिवस म्हणजे?"

"मला तरी कुठं माहीत आहे."

ती दुकानाच्या बाजूनं न जाता मागच्या बोळातून बाहेर पडली. रस्त्यात तिला ओळखीचं कुणी भेटलं, त्यांनी घरचं सगळं विचारलं, तिनं सगळं सांगितलं. चालताना तिला एवढंच कळत होतं, की सांगून टाकल्यावर मोकळं वाटतं म्हणतात, तसं काही वाटत नाहीये. इतके दिवस आपल्याला वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. आणि तो इतके दिवस सगळं जाणून तिच्या नवऱ्याशी क्रिकेटवर बोलत होता.

पुढच्या वर्षी पुन्हा 'नवी रचना' आली. या वेळच्या साहेबांनी ताईला एकटीला बोलावून धाकट्या मुलीबद्दल विचारलं. कामात लक्ष असतं का, घरी काही आहे का. घरी होतं. तिला दिवस गेले होते, आणि ते तिनं ताईला जिन्यात, आनंदानं, कानात सांगितलं होतं. ताई म्हणाली, "तिच्या कामाबद्दल विचारा. काम पक्कं आहे. बाकीचं मला विचारू नका." साहेबांना ते आवडलं नसावं, कारण त्यांनी पुढं काही विचारलं नाही. यात आपण काही मोठं केलं, असं ताईला वाटलं नाही. हेच शब्द आधीच्या वर्षी याच खुर्चीत सुचायला हवे होते, इतकंच तिच्या मनात आलं, आणि तिची मान आपोआप खाली गेली.

धाकटी राहिली. ताईचंही त्या वेळी निभावलं, पुढचं कुणी सांगावं.

त्याच सुमारास लेकीला पहिली नोकरी लागली. रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी ती कपडे काढून पलंगावर मांडत होती आणि आईला विचारत होती, ऑफिसात कसं वागायचं, कुणाशी किती बोलायचं, तू इतकी वर्षं कशी टिकलीस. ताई पलंगाच्या कडेला बसली आणि तिनं लेकीला सांगितलं, आपण कशा टिकलो ते. मोतीबिंदूपासून दुकानामागच्या डब्यांपर्यंत सगळं. कुठंही 'काळजीपोटी' म्हटलं नाही.

लेक ऐकत राहिली. तिच्या हातातला शर्ट तसाच हातात राहिला. काकांनी तिला सायकल शिकवताना मागून सीट धरलेली असायची, हे तिला आठवत असणार. ताईला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि तिनं नजर काढून घेतली नाही. काढून घ्यावीशी फार वाटली.

"बाबांना माहीत आहे?" लेकीनं विचारलं.

"नाही. आज सांगेन."

"आणि काकूला?"

"ते सांगायचं की नाही ते त्याच्या हातात आहे."

लेकीनं शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. आईला जवळ घ्यावं की उठून जावं, हे तिला ठरवता येत नव्हतं. शेवटी ती तिथंच बसून राहिली, मध्ये कपड्यांचा ढीग ठेवून. "मला काय बोलावं कळत नाहीये, आई," ती म्हणाली.

"नको बोलूस," ताई म्हणाली, आणि नवऱ्याला हाक मारायला उठली.